उतार

सातच्या गाडीनं सिल्लोडहून निघाले
तेव्हा आभाळ नुसतं मेंढरी रंगाचं होतं.
भोकरदनच्या स्टँडवर पहिला थेंब,
असईच्या फाट्यावर उतरले
तर माहेरचा रस्ताच नदीच्या मापाचा.

दांडगे सरांनी रिटायर झाल्यावर ही लढाई काढली.
दरसाल तेवीस सप्टेंबर,
केळना अन् जुईच्या बेचक्यात.
यंदा सोयाबीन लवकर निघालं,
म्हणून इंग्रजांना जागा जरा जास्त.
इंग्रज व्हायला कोणी तयार नसतं.
मग इंग्रजाला शंभर रुपये वरून,
आणि लाल कोट बँडवाल्याकडून भाड्यानं,
पाठीवर जरीत ‘गुलाब ब्रास’ तसंच.

आमचा कौतिक शिंद्यांच्या तोफेवर.
तोफ म्हणजे बोअरचा पाईप, वरून काळा ऑइलपेंट.
चाकं इद्रिसनं कुठल्या मोडक्या छकड्याची आणलेली,
त्यातलं एक बुटकं.
तोफ मान कलती करून
काहीतरी ऐकतेय असं वाटायचं.

सर बोलायला उठले अन् माईक भिजला.
छत्री बगलेत धरून, हातांचा भोंगा करून
ओरडून सांगितलं त्यांनी :
वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाही.
त्या साहेबानं नुसतं पाहिलं,
अलीकडं एक गाव, पलीकडं एक गाव,
समोरासमोर.
एवढ्या जवळची माणसं
एकमेकांकडं गेल्याबिगर राहतील का?
म्हणजे उतार आहे.
“तिथंच हरलो आपण,” सर म्हणाले,
“लेकी दिल्याघेतल्याच्या वाटेनं आले ते.”
मी पदर जरा पुढं ओढला.
पाऊस होता म्हणून.

सुतळी बॉम्ब पेटेनात.
एक काडीपेटी संपली, दुसरी लगदा झाली.
मग पोरं तोंडानंच, धडाम! धडाम!
एकाचं धडाम मधेच हसण्यात गेलं.
समोरून लाल कोट चिखलातून पाय उपसत आले,
दर पावलाला एक बूट मागं राही,
तो घ्यायला अर्धं सैन्य वाके.
गोलंदाजांना मरायला भरपूर वेळ मिळाला.

कौतिक नीट मेला.
आधी गुडघा, मग कोपर,
मग बुटक्या चाकाला डोकं टेकवून.
शेजारची बाई म्हणाली,
“तुमचा भाऊ लई चांगला मेला हो.”

पण हे मेलेले मरत नाहीत.
इंग्रज पुढं सरकले, की तिसऱ्या शिट्टीला उठायचं,
तोफ फिरवायची, पाठीत मारायचं.
तेव्हा खरंच तसं केलं होतं म्हणे त्यांनी.
सगळा गाव त्याच्यासाठी भिजत उभा.

शिट्टी कुणाला ऐकू आली, कुणाला नाही.
एक उठला, त्याला पाहून दुसरा.
इद्रिस ओणवा होऊन चाकाला भिडला.
तोफ फिरली. धडाम.
कौतिक तसाच.

लोक टाळ्या वाजवत होते.
मला वाटलं, आता उठेल.
वाटलं, काहीतरी वाढीव करतोय, त्याला सवय आहे.
त्याच्या कानात पाणी चाललं होतं
अन् तो मान हलवत नव्हता.

मी चपला हातात घेतल्या.
मधल्या सरीत गढूळ पाणी, तळ दिसेना.
पलीकडं तो, अलीकडं मी.
म्हणजे उतार असणार.

“अक्का, लढाई चालूय!” कोणीतरी इंग्रज ओरडला.
मी त्याच्या बंदुकीखालून गेले.

वाकले, तर घोरत होता.
तीन रात्री पिंपळगावच्या बाजारात
मिरच्यांच्या गाड्या भरल्या होत्या त्यानं.
त्याचा हात हातात घेतला, मग डोळे पुसले,
तर डोळे जास्तच चुरचुरले.

इद्रिस म्हणाला, “उठवू का?”
म्हटलं, राहू दे.
कोण जिंकतंय ते ठाऊकच आहे सगळ्यांना.

छत्री धरून बसले मातीतच.
थोड्या वेळानं एक लाल कोट आला, कुडकुडत,
एका पायात बूट नसलेला,
मनगटापर्यंत रंग उतरलेला.
“अक्का, जरा सरकता का?”

सरकले.